सहा मगांचा सेट, ७५ टक्के सूट, स्वतःसाठी घेऊ का?

आल्याचा_चहा

प्रश्न किरकोळ आहे हे आधीच सांगून टाकते. ज्यांना देशाची काळजी वाहायची आहे त्यांनी शेजारच्या धाग्यावर जावं.

सिरॅमिकच्या मगांचा एक सेट दोन आठवडे माझ्या कार्टमध्ये पडून आहे. सहा मग, प्रत्येकी ३५० मिली, बाहेरून मातकट पांढरे, आतून गडद निळे. छापील किंमत २,३९९, सूट ७५ टक्के, मला पडणार ५९९. जाहिरातीत लिहिलंय, ‘सतत धावणाऱ्या आयांसाठी छोटासा लाड’. फोटोतली बाई खिडकीत पाय वर घेऊन बसली आहे, मग दोन्ही हातांत, केस मोकळे, मागे पाऊस. आमच्या डोंबिवलीतल्या खिडकीत सकाळी पाय वर घेऊन बसलं तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू विचारायला येतील, बरं नाही का म्हणून.

माझी सकाळ अशी: पावणेसहाला चहा टाकते, सासूबाईंना देते, माझा ओट्यावर ठेवते. मग कणीक, दोन डबे, मोठ्याची अंघोळ, धाकटीची रडारड, सव्वासातची व्हॅन. तोवर चहावर साय धरलेली असते. गरम करते. पुन्हा राहतो. तिसऱ्यांदा गरम केलेल्या चहातलं आलं कसं लागतं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

आणि पिते कशात? मुलाला कुठल्याशा वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट मिळालेल्या मगात. त्यावर कुत्र्याचं चित्र होतं, घासून घासून आता नुसते कान उरलेत. जिथे ओठ लागतो तिथेच कडेचा टवका उडालाय, म्हणून मी तो डाव्या हाताने धरते. परवा ऑफिसातही मग डाव्या हाताने उचलला तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षांत सवयच लागली.

तर घेऊ का? ऑनलाइन घेतलेले मग टिकतात का? कुणाचा अनुभव?

मोगरा_१२

अगं घे! ५९९ ला विचारायचं काय त्यात? पोरांच्या एका वाढदिवसाच्या फुग्यांना याहून जास्त जातात.

खडूस_काका

घरात कप नाहीत का? पाचशे नव्व्याण्णव रुपयांत उत्तम चहापत्तीचा एक किलो येतो. मग कसाही असो, चहा चांगला हवा. हे सगळं बाजाराने शिकवलेलं आहे.

आल्याचा_चहा

काका, घरात कप आहेत. बारा. काचेच्या शोकेसमध्ये. लग्नात आलेले, सोनेरी काठाचे. बाहेर निघतात ते कुणी ‘बघायला’ आलं की.

मोगरा_१२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे तो सेट अजून थर्माकोलमध्येच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली.

हिशेबी_मावशी

आल्याचा चहा, दोन आठवडे कार्टमध्ये आहे म्हणतेस, तर टाकलास तेव्हा किंमत काय होती ते आठवतंय का? कारण ही गंमत मी प्रेशर कुकरच्या वेळी पाहिली आहे.

आल्याचा_चहा

स्क्रीनशॉट सापडला, बहिणीला पाठवला होता. तेव्हा छापील १,८४९, सूट ६५ टक्के. म्हणजे ६४७ रुपये.

हिशेबी_मावशी

हं. म्हणजे मग तेच, रंग तोच, पंधरा दिवसांत छापील किंमत साडेपाचशेनी चढली आणि सूट दहा टक्क्यांनी. तुझ्या खिशातला फरक मात्र ४८ रुपये. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्याने बंदी आहे, कमी कितीही घ्या. पण अशा मालावर छापायचा आकडा केवढा असावा, हे विकणारा स्वतःच ठरवतो. मग तो मोठा छापायचा आणि उदार व्हायचं. टक्केवारीवर हाताने झाकण ठेव आणि स्वतःला एवढंच विचार, शंभर रुपयाला एक मग घेशील का? तुळशीबागेच्या आसपास साधारण तेवढ्यालाच मिळतो. वाईट सौदा नाही. फक्त अठराशे रुपये वाचवले असं घरी सांगू नकोस, वाचवलेले ते कुठे गेले असं विचारतील.

चाकावरची_माती

मी मातीकाम करतो. हौस म्हणून सुरू झालं, आता पोटापाण्याचं. थोडं लांबेल.

‘सिरॅमिक’ या शब्दावरून काहीच कळत नाही. माठही सिरॅमिक, बाथरूमची टाइलही सिरॅमिक. माती कोणती आणि किती तापलेली, हे बघायचं. साधारण हजार ते साडेअकराशे अंशांत भाजलेलं ते अर्दनवेअर. त्याचं अंग आतून सच्छिद्रच राहतं, पाणी धरतं ते फक्त वरच्या ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या जोरावर. स्टोनवेअर बाराशे ते तेराशेच्या दरम्यान भाजतात, तिथे माती स्वतःच दगडासारखी घट्ट होते. रोजच्या वापराला स्टोनवेअर घ्यावं. जाहिरातीत नुसतं ‘प्रीमियम सिरॅमिक’ लिहिलं असेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

मग हातात आल्यावर उलटा करा. बुडाला बिनग्लेझची खरखरीत गोल कडा असते, तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब तसाच बसून राहिला तर चांगलं. टीपकागदासारखा जिरला तर अंग कच्चं आहे. मग नखाने टिचकी मारा. अखंड, नीट भाजलेला मग ‘टण्ण’ वाजतो. ‘भद्द’ आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणी कमी आहे.

सगळ्यात आधी दगा देतो तो कान. मगाचं अंग वेगळं घडतं, कान वेगळा. माती अर्धी वाळून चामड्यासारखी झाली की दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मातीचा पातळ रबडा लावायचा आणि जोडायचं. कानाची माती जास्त ओली राहिली तर वाळताना तो जास्त आकसतो आणि सांध्यात केसाएवढी चीर पडते. वरून ग्लेझ बसलं की दिसत नाही. सहा महिन्यांनी भरलेला मग उचलताना कान हातात आणि मग पायावर. म्हणून कानाच्या वरच्या सांध्यावरून आतल्या बाजूने बोट फिरवून बघा.

बाहेरून पांढरा, आतून निळा असे मग आपल्याकडे बहुतेक खुर्जाहून येतात किंवा परदेशातून. खुर्जा हे उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातलं गाव, तिथल्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. तिथला माल वाईट नसतो, उलट दणकट असतो. पण एका भट्टीत पहिल्या प्रतीचाही निघतो आणि दुसऱ्या प्रतीचाही: कड किंचित वाकडी, ग्लेझमध्ये टाचणीएवढी भोकं. मोठ्या सुटीत पुष्कळदा हाच माल असतो. चहा प्यायला काही बिघडत नाही.

आल्याचा_चहा

बाप रे, एवढं! प्रिंट काढून फ्रिजला लावते. दादा, तुमचे मग केवढ्याला असतात?

चाकावरची_माती

चाकावर केलेला एक मग साडेसहाशे-सातशेला. (पळून जाऊ नका.) माझ्या हातून दिवसाला वीसेक होतात, त्यातले दोन-तीन भट्टीत वाया जातात. साच्यातून निघणाऱ्या मालाशी किमतीत बरोबरी करायला मी गेलो तर उपाशी मरेन. हाताने केलेला मग लोक विकत घेतील हा विश्वास या देशात फार जुना नाही. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी हे काम पुढे गावोगाव नेलं. आमचे गुरुजी त्यांच्यापैकी एकांकडे शिकलेले.

चांदा_ते_बांदा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव कुणी घेईना म्हणून मीच घेतो. भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, तिथे मातीकाम चालतं. कधी ताडोब्याला याल तर वाट वाकडी करा. वाघ दिसण्याची खात्री नाही, भांडी दिसतील.

खडूस_काका

अवांतर होतंय.

चांदा_ते_बांदा

काका, मगाच्या धाग्यावर माती अवांतर कशी?

शुद्धशाकाहारी

एक महत्त्वाचं. ‘बोन चायना’ लिहिलेलं असेल तर घेऊ नका, म्हणजे ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी. ते नाव नुसतं शोभेचं नाही, त्या मातीत खरोखरच जनावरांच्या हाडांची राख मिसळतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र बसवलं गेलं. आमच्या आईला कळलं तेव्हा तिने अख्खा सेट मोलकरणीला दिला, आणि मोलकरणीने कपाटावर ठेवला, कारण तिच्याही घरी चालत नव्हतं.

मोगरा_१२

मग लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या? त्याही बाद?

चाकावरची_माती

नाही नाही. बरण्या निर्धास्त वापरा. चिनी माती म्हणजे केओलिन, पांढरी माती, हाडांशी संबंध नाही. बरण्या बहुतेक स्टोनवेअरच असतात, म्हणून तर मीठ आणि कैरीची आंबटाई वर्षभर पचवतात. फक्त आंबटाचा विषय निघालाच आहे तर: स्वस्तातल्या मगाच्या आतल्या बाजूला किंवा ओठ लागतो तिथे भडक लाल, नारिंगी, पिवळी नक्षी असेल तर टाळा. ते रंग ग्लेझच्या वर बसवून कमी तापमानाला भाजलेले असू शकतात, त्यात शिसं किंवा कॅडमियम असण्याचा धोका असतो आणि आंबट पदार्थ ते ओढून काढतो. लिंबू सरबत, सोलकढी, चिंचेचं सार अशा मगात रात्रभर ठेवू नका. जयपूरची निळी भांडीही सुंदर दिसतात, पण त्यांचं अंग मातीचं नसतं. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती असं मिश्रण असतं आणि भाजणी कमी. ती फुलं ठेवायला. रोजच्या उकळत्या चहाला नकोत.

बटाटेवडा_प्रायव्हेट_लिमिटेड

आणि मायक्रोवेव्ह? ताई तीनदा गरम करतात म्हणाल्या.

चाकावरची_माती

सोनेरी-चंदेरी काठ असेल तर अजिबात नको, ठिणग्या उडतात. बाकी, रिकामा मग आत ठेवा, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी, एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि मग गार राहिला तर ठीक. मगच तापला तर त्याच्या अंगात पाणी मुरतंय. असा मग हाताला चटका देतो आणि आतला चहा कोमट तो कोमटच.

आल्याचा_चहा

कुत्र्याचा मग!! अगदी हेच करतो तो. मला वाटायचं आमचा मायक्रोवेव्ह बिघडलाय. नवऱ्याने दोनदा माणूस बोलावला.

हिशेबी_मावशी

व्हिजिट चार्ज किती?

आल्याचा_चहा

साडेतीनशे. दोनदा. मावशी, गप्प बसा.

भौतिकवाला_बाबा

मी मुलींच्या डब्यांचा विभाग सांभाळतो म्हणून या धाग्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो. जाड मगात चहा जास्त वेळ गरम राहतो ही समजूत अर्धीच खरी आहे. मग साधारण ३५० ग्रॅमचा, सकाळी ओट्यावर २८ अंशांचा. त्यात आपण ओततो दीडशे मिली चहा, ९० अंशांचा. मग आधी स्वतः तापतो, आणि ती उष्णता चहातून घेतो. कागदावर हिशेब मांडला तर दोघं ७० अंशांच्या आसपास भेटतात. म्हणजे पोराने अजून हाकही मारलेली नाही आणि वीस अंश गेले. उपाय फुकट आहे: चहा उकळत असताना मगात कढत पाणी भरून ठेवा, ओतायच्या आधी फेका. वर ताटली झाका. आणि ३५० मिलीचा मग मराठी चहाला मोठाच आहे. अर्धा भरला की वर रिकामी भिंत उरते आणि चहा पसरट होऊन निवतो. दोनशे-सव्वादोनशेचा, उभट, तोंडाला अरुंद असा बघा.

मोगरा_१२

बाबा, मुलींना सांगा आम्ही हेवा करतो.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इथे मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे, आला की दुकानं मगांनी भरतात, सगळ्यांवर ‘मॉम’. सोमवारी तेच मग निम्म्या किमतीत. मी दर वर्षी सोमवारी जाते. गंमत म्हणजे ज्या ॲना जार्व्हिसने १९०८ मध्ये आपल्या आईच्या आठवणीत हा दिवस सुरू केला आणि जो १९१४ मध्ये देशभर अधिकृत झाला, तीच बाई पुढे फुलवाल्यांच्या आणि कार्डवाल्यांच्या विरोधात आयुष्यभर भांडत राहिली. माझ्याकडे असे नऊ मग आहेत. चहा पिते तो मात्र आईने सामानात कपड्यात गुंडाळून दिलेल्या कपात. कान नाही त्याला, विमानात गेला.

खडूस_काका

म्हणूनच म्हणतो, हे पाश्चात्त्य खूळ. आपल्याकडे पिठोरी अमावास्या आहे मातृदिन म्हणून. त्या दिवशी कुणी मग घेतं का?

पाटावरवंटा

काका, पिठोरीला आई उपास करते, खीर-पुरीचा स्वयंपाक करते, वाण डोक्यावर धरते, ‘अतिथी कोण?’ विचारते, आणि मुलं ‘मी’ म्हणत मागून येऊन घेऊन जातात. बऱ्याच ठिकाणी पोळाही त्याच दिवशी. बैलाला त्या दिवशी विश्रांती असते, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. आईच्या दिवसाचं काम तुम्ही जरा मांडून बघा.

खडूस_काका

...

मोगरा_१२

पाटावरवंटा काकू, साष्टांग.

पाटावरवंटा

आता आलेच आहे तर लिहिते. माझं वय ६८. सासर सातारचं, घरात चौदा माणसं. तुम्ही सगळ्या जणी चहा गार होतो म्हणून रडता. आमचा गार व्हायचाच नाही. म्हणजे, गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळच नव्हता. चुलीजवळ उभ्याने कप घ्यायचा, बशीत ओतायचा, फूं फूं करायचं, दोन घोटांत संपवायचा आणि पुढच्या पोळीला हात. बशी ही काही शिष्टाचाराची गोष्ट नव्हती हो. पसरट असते म्हणून चहा लगेच निवतो, एवढ्यासाठी होती ती. घाईच्या माणसाचं भांडं. गाडी सुटायच्या आत स्टेशनवर हमाल तसाच प्यायचे.

मग हे निवांत माणसाचं भांडं. हातात धरायचं, बसायचं, एक घोट, जरा बघायचं, दुसरा घोट. म्हणून तुला तो मग नाही, त्या बाईच्या फोटोतली खिडकी हवी आहे. ती सेटमध्ये येत नाही. तरीही घे असंच मी म्हणेन. निदान ओट्यावर रिकामा दिसला की घरातल्यांना कळेल, हिचा म्हणून काहीतरी इथे आहे. मला ३२ वर्षं ‘माझा’ असा कप नव्हता. जो धुतलेला मिळेल तो.

आल्याचा_चहा

काकू, लोकलमध्ये वाचला तुमचा प्रतिसाद. शेजारच्या बाईने विचारलं काय झालं.

निद्रानाश

+१. पाच महिन्यांचं बाळ मांडीवर आहे, एका हाताने टंकतेय. मला मगापेक्षा झाकणाचा स्टीलचा थर्मास-पेला उपयोगी पडला. बाळाच्या अंगावर सांडत नाही, दोन तास गरम राहतो. सुंदर अजिबात दिसत नाही. हातात धरला की आपण ट्रेकला निघालोय असं वाटतं. बाळ जवळ असताना उघड्या मगात कढत चहा कुणीच घेऊ नका, हे मात्र कळकळीने सांगते.

बटाटेवडा_प्रायव्हेट_लिमिटेड

सेट सहाचा का असतो पण? ताईंना एकच हवाय. एक घेतला तर स्वतःसाठी, सहा घेतले तर घरासाठी. म्हणजे मनाला लागत नाही. विकणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

आल्याचा_चहा

हे मात्र वर्मावर बोट. चाकावरची माती दादांचा सातशेचा एक मग मी घेऊ शकते, पगार मिळवते, पण घरी सांगताना जीभ अडखळेल. सहाशेचे सहा म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.

हिशेबी_मावशी

शंभराच्या पाच मगांचा दंड भरून सहावा स्वतःसाठी. चालू दे.

आल्याचा_चहा

(बारा दिवसांनी धागा वर काढतेय.)

घेतला. विक्रेत्याला विचारलं, स्टोनवेअर म्हणाला. खोकं आलं ते हलवलं तेव्हाच आत खुळखुळलं. पाच धड, सहाव्याचा कान वेगळा. ग्राहक सेवेने आधी चारी बाजूंनी फोटो मागितले, मग खोक्याचे, मग बारकोडचा, मग म्हणाले एकटा मग परत घेता येत नाही, परत करायचे तर सहाच्या सहा. चार दिवस लिहालिही केल्यावर शंभर रुपये खात्यात आले. मोडक्या मगाची तुटलेली जागा पाहिली. दादा, तुम्ही म्हणाला होतात तसंच, सांध्याच्या आत अर्धा भाग मळका होता, म्हणजे जुनी चीर. कुरियरवाल्याला उगाच शिव्या दिल्या मी. त्या मगात सासूबाईंनी ओवा लावलाय.

उरलेल्या पाचांच्या बुडावर थेंब ठेवून बघितले. चार तसेच राहिले, एकाचा जिरला. तो नवऱ्याला दिला.

मोगरा_१२

हहपुवा. मग आता चहा त्यात पितेस ना?

आल्याचा_चहा

सांगते. संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओट्यावर मग नाहीत. सासूबाईंनी धुऊन, पुसून, शोकेसमध्ये लावून टाकले. सोनेरी काठाच्या कपांच्या पुढे, कान एका दिशेला करून. ‘नवे आहेत, पाहुण्यांना होतील.’ मी काही बोलले नाही. रात्री सगळे झोपल्यावर एक काढला आणि डब्यांच्या फळीवर, हिंगाच्या डबीमागे ठेवला. स्वतःच्याच घरात चोरी.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाच्याऐवजी साडेपाचला उठले. मगात कढत पाणी घातलं (बाबा, खरंच फरक पडतो), चहा ओतला, ताटली झाकली, आणि गॅलरीत वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिले. बसायला जागा नाही तिथे. आतला निळा रंग चहा संपत येतो तसा कडेकडेने दिसायला लागतो, हे फोटोत नव्हतं. ओठाजवळ टवका नाही याची सवय नसल्यामुळे पहिले दोन घोट तरीही डाव्या हातानेच घेतले. धाकटी उठायच्या आत संपला. पूर्ण. गरम.

असे नऊ दिवस झाले. त्यातले सहा दिवस जमलं.

भौतिकवाला_बाबा

नऊपैकी सहा! मी डब्यांत याहून कमी पडतो.

खडूस_काका

हिंगाच्या डबीमागे ठेवलेल्या मगाला हिंगाचा वास लागेल.

आल्याचा_चहा

लागतो, काका. सवय झाली.

आणि काल सासूबाई लवकर उठल्या. गॅलरीच्या दारात उभ्या. मला वाटलं आता मगावरून काही म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं, आत गेल्या. शोकेसचं दार उघडल्याचा आवाज आला. दुसरा मग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मला पण यातच दे.’ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, जरा वेळ बघितला, मग म्हणाल्या, ‘याला बशी नाही का?’ नाही म्हटलं. तर मी ज्या ताटलीने झाकला होता ती स्टीलची ताटली उचलली, अर्धा चहा तीत ओतला आणि फुंकर घालून पिऊन टाकला. मग उरलेला अर्धा. दोन मिनिटांत खेळ खलास, मग खळबळून ओट्यावर पालथा.

मी अजून अर्ध्यावर होते.

पाटावरवंटा

त्यांना म्हणावं, सातारची एक बाई विचारत होती.